इंजिन पळतंय, चाक थांबलंय: मामांच्या सायकलीच्या दुरुस्तीच्या नोंदी

रविवार, ९ जून २०२४

सकाळी सातला मामांचा फोन. "मर्दा, तुझी गाडी चढाला नुसती बोंब मारूलाय. इंजिन पळतंय खरं चाक पळंना." चालत होती तोवर ती मामांची गाडी होती. बिघडली की माझी.

गाडी म्हणजे मामांची जुनी काळी अठ्ठावीस इंची सायकल. जानेवारीत मी तिच्या त्रिकोणात टू-स्ट्रोक इंजिनाचं किट बसवलं. विकणारे त्याला ८० सीसी म्हणतात. मी व्हर्निअर लावून बघितलं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८. हिशेब ६६ सीसीवर येतो. मामांचे गुडघे गेलेत आणि शेत बेळगावजवळ येळ्ळूरला, राजहंसगडाच्या पायथ्याशी. विहिरीपासून वरच्या माळापर्यंत चारशे मीटरची मुरमाची वाट आहे, सगळी त्यांच्याच जमिनीतून. त्या वाटेपुरतीच ही गाडी. डांबरीवर काढायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरलंय. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तरच ते 'मोटार वाहन' धरत नाहीत. आमचं इंजिन त्याच्या अडीचपट आहे. मामांना हे पटलेलं नाही. "लूनाला पण पायडल होतं की," असं त्यांचं म्हणणं. लूनाला नंबरप्लेटही होती, हे ते विसरतात. १९७२ साली लूना आली तेव्हा मामा शाळेत होते, पुढं त्यांनी स्वतः एक जुनी लूना दहा वर्षं चालवली. त्यामुळे या विषयात माझं काही चालत नाही.

दुपारी जाऊन बघितलं. सपाटीला काही तक्रार नाही. चढाच्या मध्यावर, जांभळाच्या झाडापाशी, इंजिनचा आवाज एकदम चढतो आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगावर येते. लोखंडाचा खडखडाट नाही. जळका वास मात्र येतो, ओली दोरी चुलीत घातल्यासारखा.

ओढ कुठून कुठे जाते ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर उगाच खोलत बसायला होईल. क्रँकवर २० दात्यांचा छोटा गिअर, तो ८२ दात्यांच्या मोठ्या गिअरला फिरवतो. मोठ्या गिअरच्या पोटात क्लच. क्लचमधून शाफ्ट, शाफ्टच्या डाव्या टोकाला १० दात्यांचं स्प्रॉकेट. तिथून चेन, आणि मागच्या चाकावर ४४ दात्यांची चक्री, जी रबराच्या दोन चकत्यांमध्ये स्पोक दाबून बोल्टांनी आवळलेली असते. पहिला टप्पा ४.१, दुसरा ४.४, एकूण १८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे १८ फेरे. ताशी २५ किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३,४०० च्या आसपास फिरलं पाहिजे. ते त्याच्या वर ओरडत असेल तर यातला कुठला तरी जोड सुटतोय.

जळका वास आहे म्हणजे क्लच. असं आज तरी वाटतंय.

मंगळवार, ११ जून

पहिली पाळी सुटल्यावर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून सरळ येळ्ळूर. तिसऱ्या रेल्वे गेटला अर्धा तास गेला, त्यामुळे उजेड कमीच मिळाला.

क्लचची केबल बघितली. डाव्या बाजूला कव्हरवर क्लचचा दांडा आहे, केबल तो ओढते, दांडा शाफ्टमधून आरपार गेलेल्या सळईला ढकलतो आणि पलीकडे क्लच सुटतो. मूठ मोकळी असताना दांड्याला दीड-दोन मिलिमीटर हलायला जागा पाहिजे. इथं शून्य. केबल तारेच्या वाद्यासारखी ताणलेली. म्हणजे मूठ सोडली तरी क्लच थोडा दाबलेलाच.

"मूठ ढिली लागूलाली म्हणून मी जरा आवळलो," मामा.

"किती?"

"आवळेल तेवढं."

ॲडजस्टर सोडून दोन मिलिमीटर मोकळीक दिली. चढावर फरक पडला, जांभळाच्या पुढं वीसेक पावलं गेली. पुन्हा तोच आवाज, तोच वास.

गुरुवार, १३ जून

पाऊस. काही केलं नाही.

रविवार, १६ जून

आज डोक्यानं काम केलं. 'फरक पडला', 'थोडा फरक पडला' असं किती दिवस लिहिणार? क्लच किती ओढ धरतो ते मोजलं.

आधी किती धरायला पाहिजे ते काढलं. पाण्याच्या लेव्हल-ट्यूबनं जांभळापाशी उतार मोजला, दहा मीटरला एक मीटर. गाडी इंजिनसकट तीस किलो, मामा पासष्ट, एकूण ९५. दहाला एकचा चढ म्हणजे साडेनऊ किलोची ओढ, त्यात ओल्या मुरमात रुतण्याचं दीड धरून टायरपाशी ११ किलो. रिम टायरपेक्षा आत असतं म्हणून रिमच्या कडेला तीच ओढ सव्वाबारा किलोची होते.

मग मोजणी. गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. प्लग काढला, पिस्टन वर आणून पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) झाकले गेलेत याची खात्री केली, आणि प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरली. आता पिस्टन हलत नाही, म्हणजे इंजिन जाम. पोर्ट उघडे असताना दोरी भरली तर ती पोर्टच्या कडेत चावली जाते, म्हणून ही खबरदारी. उजवीकडची पायडलची चेन उतरवली, नाहीतर चाक उलटं फिरताना वजन पायडल फिरवत बसतं आणि आपल्याला वाटतं क्लच धरतोय.

मामींचा वीस लिटरचा दुधाचा प्लॅस्टिक कॅन मागून घेतला. चाकाच्या मागच्या बाजूला, रिम आडवं येतं तिथं, दोरीनं टांगला. चाक उलटं फिरवायला बघेल असा. मग तांब्यानं पाणी ओतत गेलो. एक लिटर म्हणजे एक किलो, यापेक्षा सोपा वजनकाटा नाही. कॅनचं स्वतःचं एक किलो वेगळं धरलं.

मुद्दाम आधी केबल मामांनी आवळली होती तशी परत आवळली. पाच लिटरला कॅन खाली यायला लागला, हळूहळू, विहिरीत बादली सोडावी तसा. म्हणजे सहा किलो. मग केबल सोडून दोन मिलिमीटर मोकळीक. आता अकरा लिटरला घसरला. म्हणजे बारा.

चढाला लागतात सव्वाबारा, क्लच धरतोय बारा. मंगळवारी गाडी जांभळाच्या पुढं वीस पावलं का गेली आणि एकविसावं का नाही, याचं उत्तर मिळालं. मामा शेजारी बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, "पाणी ओतून इंजिन तपासणारा तू पहिलाच."

मामी वेगळं काहीतरी म्हणाल्या. कॅनला पेट्रोलचा हात लागला होता.

सोमवार, १७ जून

बकरी ईदची सुट्टी, सबंध दिवस मिळाला. उजवं कव्हर उघडलं.

आत ग्रीस. गिअरवर ग्रीस, कव्हरला ग्रीस, क्लचच्या पट्ट्यांवर ग्रीस. ही करणी माझी. जानेवारीत गिअरचा आवाज येऊ नये म्हणून मी हातभर ग्रीस आत लिंपलं होतं. या क्लचला तेलात पोहायची सवय नाही. तो कोरडा चालतो. गिअरच्या दात्यांना बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लागतं. जास्तीचं गरम होऊन उडतं आणि पट्ट्यांवर बसतं. पट्ट्या आरशासारख्या चकचकीत झाल्या होत्या.

मधला फुलाच्या आकाराचा नट काढायच्या आधी त्याला अडवणारा बारीक स्क्रू काढायचा असतो. तो स्क्रू पेचकसाला दाद देईना. शेवटी बसणारा पेचकस शोधून, टोकावर हलका हातोडा मारून निघाला. असे स्क्रू घाईत चावले गेले की मग दिवस जातो.

प्लेट, पट्ट्या, मोठ्या गिअरची आतली बाजू सगळं पेट्रोलनं धुतलं, वाळवलं, पट्ट्यांवर १२० नंबरचा पॉलिश पेपर आडवा-उभा फिरवला. क्रँकवरच्या छोट्या गिअरची अर्धचंद्र 'की' (गिअर क्रँकवर घट्ट धरणारा लोखंडाचा तुकडा) पण काढून बघितली, कारण ती कापली गेली तरी लक्षण हेच दिसतं. 'की' शाबूत, खाचेत घट्ट. क्रँकचं ऑइल सील कोरडं, म्हणजे आतून गळती नाही. फुलाचा नट परत बसवताना आधीपेक्षा अर्धा फेरा जास्त आवळला, स्क्रूनं अडवला.

कॅन टांगला. दहा लिटर, पंधरा, वीस. कॅन भरला, चाक जागचं हललं नाही. एकवीस किलो धरतोय.

रात्री घरी येताना वाटलं, झालं काम.

शनिवार, २२ जून

झालं नव्हतं.

काल वटपौर्णिमा, मामींचा उपास, म्हणून आज गेलो. चढावर जांभळ ओलांडलं, वास नाही, इंजिन बरोबर ओढतंय. आणि मग माथ्याच्या अलीकडे खटकन् आवाज, पायाखाली कुणी काठी मोडल्यासारखा. मग खट, खट, खट. गॅस कमी केला की बंद. दिला की चालू.

मामांनी उतरून गाडी भिंतीला लावली. "आधी नुसती ओरडत होती. तू हात लावलास आणि आता मोडायला लागली."

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. सोमवारी काही उलटं जोडलं का, म्हणून कव्हर परत उघडलं. सगळं ठीक.

रविवार, २३ जून

आवाज डाव्या बाजूनं येतो. चेन दाते चुकवते आहे असा संशय. चेन ढिली आहे, आवळू, एवढा सरळ विचार केला आणि आयडलर (चेन ताणून धरणारा रोलर) खाली दाबून चेन ताठ केली.

चढावर दोनशे मीटरही गेलो नसेन. आयडलरचा क्लॅम्प मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर फिरला, रोलर आत वळला आणि थेट चाकात. चार स्पोक गेले, चाक जागीच जाम. वेग नव्हता म्हणून गुडघा सोलण्यावर निभावलं. मामा काही बोलले नाहीत, हळद आणायला आत गेले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

चेन ताठ केली की बरं, हा समज का चुकला तो विचार आज रात्री करायचा नाही.

मंगळवार, २५ जून

चाक काढून वडगावात सायकलच्या दुकानात नेलं. चार तारा घातल्या, चाक सरळ करून दिलं. तारा घालता घालता दुकानदार म्हणाला, "मागच्याला चाळीस, पुढच्याला बत्तीस. जुनं चाक आहे, अजून वीस वर्षं जाईल." मी हो हो म्हटलं आणि पैसे दिले.

आयडलरच्या क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालून परत बसवला. चेनला मधोमध बारा-तेरा मिलिमीटर खेळ (ढील) ठेवला.

गुरुवार, २७ जून

जोड कुठं सरकतो ते बघायची जुनी युक्ती म्हणजे दोन भागांवर मिळून एक रेघ मारायची. गाडी चालवून आणायची, रेघ तुटली तर तो जोड सरकला. खडूची रेघ पावसात टिकत नाही. मामेबहिणीनं लाल नेलपॉलिश दिलं, अट एवढीच की बाटली परत पाहिजे.

रेघा मारल्या तीन ठिकाणी. छोटं स्प्रॉकेट, नट आणि शाफ्ट मिळून एक. आयडलरचा क्लॅम्प आणि चिमटा मिळून एक. मोठी चक्री, रबर आणि स्पोक मिळून नऊ, प्रत्येक बोल्टाशेजारी एक. क्लचवर मारण्यात अर्थ नाही. तो प्रत्येक वेळी मूठ दाबली की सुटतो आणि नव्या जागी धरतो, रेघ तुटलेलीच दिसणार. त्याच्यासाठी कॅन आहे.

शिवाय मोबाइल डाव्या चिमट्याला जुन्या ट्यूबनं बांधला आणि स्लो मोशनवर ठेवून चढ चढलो. मामा मागून चालत आले, मोबाइल पडला तर उचलायला.

व्हिडिओत स्पष्ट दिसलं. छोट्या स्प्रॉकेटवर चेन दात्यांच्या पायथ्यापासून वर चढत जाते, टोकावर येते आणि पुढच्या दात्यावर आपटते. तेच खट. पण प्रत्येक फेऱ्याला नाही. चेन काही क्षण नीट बसलेली, मग ढिली पडते, चढते, आपटते, परत नीट. आणि मोठी चक्री बाजूनं बघितली तर अंड्यासारखी फिरते.

रेघांमध्ये शाफ्टची शाबूत, क्लॅम्पची शाबूत. नऊपैकी दोन तुटलेल्या, तीनेक मिलिमीटरनं, आणि त्या दोन्ही एकाच बाजूला.

शुक्रवार, २८ जून

मोजमाप. गाडी स्टँडवर, चिमट्याला जाड तार बांधून तिचं टोक चक्रीच्या दात्यांजवळ आणलं आणि चाक हातानं फिरवलं. तारेच्या आणि दात्यांच्या मधली फट एका जागी सर्वात कमी, समोरच्या जागी सर्वात जास्त. फरक साडेतीन मिलिमीटर. मग चाक पाव-पाव फेरा फिरवून चेनचा खेळ मोजला: १०, १७, २८, १९ मिलिमीटर.

रविवारी मी चेन आवळली ती कुठल्या जागी? बहुधा २८च्या. तिथं ताठ केलेली चेन अर्ध्या फेऱ्यानंतर १०च्या जागी आली की तारेसारखी ताणली जाणार, आणि सगळा ताण आयडलरवर. तो फिरला यात त्याचा दोष नाही.

चेनची पण गत बघितली. २४ कड्या नव्या असताना बारा इंच भरतात, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. आमच्या ३०८.५ भरल्या. एका टक्क्याच्या वर गेली की टाकून द्यायची चेन, ही सव्वा टक्का गेलेली. छोट्या स्प्रॉकेटचे दाते एका अंगाला वाकून आकड्यासारखे झालेले. दोन्ही बदलायची.

पण चक्री वाकडी का बसली? मध्य जुळवूनच बसवली होती मी. रात्री जेवताना सायकलवाल्याचं बोलणं आठवलं. मागच्याला चाळीस.

किटच्या चक्रीला नऊ बोल्ट. छत्तीस स्पोकच्या चाकात एका बाजूला अठरा स्पोक, जोड्या नऊ. नऊ जोड्यांमध्ये नऊ बोल्ट, सगळं समान. चाळीसच्या चाकात एका बाजूला वीस, जोड्या दहा. दहा फटींत नऊ बोल्ट समान बसूच शकत नाहीत. बोल्टांमधलं अंतर ४० अंश, फटींमधलं ३६. एक बोल्ट मधोमध येतो, पुढचा चार अंशांनी बाजूला, त्याच्या पुढचा आठ. कुठंतरी बोल्ट थेट स्पोकवरच येणार.

आणि आला होता. जानेवारीत. दोन बोल्टांना स्पोक आडवे आले होते, मी ते पान्यानं बाजूला वाकवून बोल्ट घातले होते. 'देशी चाक, थोडं इकडं-तिकडं असणार' म्हणून. ते स्पोक तेव्हापासून रबराला एका बाजूनं ढकलत होते.

आता गेल्या तीन आठवड्यांची गंमत कळते. मार्चपर्यंत क्लच नवा, चेन नवी, म्हणून चक्री वाकडी असूनही चेन दात्यावर टिकत होती. नंतर क्लच घसरायला लागला, आणि क्लच घसरतो म्हणून चेनवर पूर्ण ओढ कधी आलीच नाही. मी क्लच नीट केला त्या दिवशी चेनवर पहिल्यांदा खरं वजन पडलं आणि ती उडायला लागली. माझा हात लागल्यावर गाडी बिघडली, हे मामांचं म्हणणं एका अर्थी बरोबरच. फक्त तो हात जूनमधला नाही, जानेवारीतला.

सोमवार, १ जुलै

त्याच चक्रीला दहा भोकं पाडावीत म्हणून डिव्हायडिंग हेडवर (वर्तुळाचे समान भाग पाडायचं साधन) लावायला घेतली. दहा भागांसाठी हँडलचे बरोबर चार फेरे, भोकपट्टी मोजायची कटकट नाही, म्हणून खुशीत होतो. पण कागदावर काढल्यावर दिसलं की त्याच वर्तुळावर नव्या भोकांपैकी काही जुन्या भोकांवर अर्धी चढतात. आठ मिलिमीटरचं भोक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं झालं असतं. सोडून दिलं.

नवी चक्रीच कापायची.

शुक्रवार, ५ जुलै

ड्रॉइंग केलं. ४४ दाते, चेनची पिच (एका कडीची लांबी) १२.७, पिच वर्तुळाचा व्यास १७८.०२ मिलिमीटर. चेनचा रोलर ७.७५चा, म्हणजे दात्यांच्या बुडाचा व्यास सव्वा एकशेसत्तरच्या जवळ. चेनच्या आतली रुंदी पावणेपाच मिलिमीटर, त्यात पाचची प्लेट जाणार नाही, म्हणून चारची. भोकं दहा, ३६ अंशांवर. मधलं भोक हबच्या टोपीवर हलकं दाबून बसेल असं, म्हणजे मध्य बोल्टांवर सोडायचा नाही, हबच धरेल. रबर दाबणाऱ्या दोन पट्ट्याही दहा भोकांच्या.

दाते ४८ करावेत असा मोह झाला. चढाला बरंच झालं असतं. पण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही, आणि या गाडीनं तो धडा मला एकदा दिलाय. ४४च.

लेझर कटिंगवाला शेजारच्या गल्लीत. त्यानं स्क्रीनवर बघितलं आणि बोट दाखवलं, "ओंबत्तु अल्लेनु?" (नऊ नाही काय?) किटच्या चक्र्या त्यानं आधी बघितल्या असणार. मी म्हटलं, "इल्ल अण्णा, हत्तु." (नाही अण्णा, दहा.) माझं कन्नड एवढंच, पण आकडे पक्के आहेत. दुपारी प्लेट हातात. कडा लेथवर दोन्ही बाजूंनी तिरक्या घासल्या, चेन सहज वर-खाली व्हावी म्हणून. नवी चेन आणि दहा दात्यांचं छोटं स्प्रॉकेट कोल्हापूरहून येणाऱ्या मित्राकडून मागवलं.

रविवार, ७ जुलै

बसवली. जानेवारीत वाकवलेले दोन स्पोक आधी बदलले. दहाही बोल्ट फटींच्या मधोमध गेले, एकाही स्पोकला शिवले नाहीत. हे इतकं सरळ होतं की जरा राग आला.

बोल्ट आवळताना समोरासमोरचे, थोडे थोडे. तीन वेळा फिरून. प्रत्येक वेळी तारेच्या टोकापाशी फट बघितली. शेवटी फरक अर्धा मिलिमीटर राहिला. चेनचा खेळ पाव-पाव फेऱ्यावर: १२, १३, १४, १३.

छोटं स्प्रॉकेट काढायला पुलर लागला. आतली 'की' बघितली, शाबूत. चेन जोडताना कुलूपकडीच्या क्लिपचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला ठेवलं. उलटं ठेवलं तर कशाला तरी घासून क्लिप उघडते आणि चेन वाटेत राहते.

एक तपासणी अजून. मूठ दाबून क्लच सोडला, चाक हातानं बरोबर पाच फेरे फिरवलं. छोट्या स्प्रॉकेटचे फेरे मोजले, बावीस. पाच गुणिले ४.४. दोन वेळा करून बघितलं. मामा म्हणाले, "जुळलं?" म्हटलं, जुळलं. "मग चल की." बाहेर धो-धो पाऊस. वाट लाल चिखल. नाही गेलो.

रविवार, १४ जुलै

पाऊस उघडला, मुरूम बऱ्यापैकी निथळला. भात पेरलेल्या खालच्या वाफ्यांत पाणी उभं. आधी मी एकटा, मग मामा, मग मामा आणि मागं गवताचा भारा. तिन्ही वेळा माथ्यापर्यंत. खट नाही, वास नाही. तिसऱ्या वेळी इंजिनच दमलं, आवाज खाली आला, मामांनी पायडल मारून साथ दिली. ओढ कमी पडली तर आवाज खाली यावा, वर जाऊ नये. हेच हवं होतं.

उतरल्यावर दहा रेघा बघितल्या. दहाही सरळ.

केबलची मोकळीक परत मोजली, दोन मिलिमीटर. ॲडजस्टरच्या नटावर मी नेलपॉलिशचा एक मोठा ठिपका देऊन ठेवलाय. मामांनी विचारलं तेव्हा सांगितलं की हा ठिपका फुटला तर मला कळतं.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. सुट्टी होती म्हणून गेलो. मामांनी या तीन दिवसांत वीसेक खेपा केल्यात. सर्व बोल्ट परत पान्याखालून काढले, रबर बसलं की पहिल्या आठवड्यात ते थोडे सैल पडतातच. तीन बोल्टांनी पाव फेरा घेतला. बाकी घट्ट. चेनचा खेळ १३ ते १५.

कॅन टांगून शेवटचं मोजलं, वीस लिटरला जागचा हलला नाही. नेलपॉलिश तळाला गेलेलं, मामेबहिणीला नवी बाटली घ्यावी लागली. कॅन तीनदा साबणानं धुऊन मामींना परत दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि तो गोठ्यात पाण्यासाठी ठेवून दिला.